आगाशी व आगशी : राज्यांतर आणि नागरिकत्व

वसई प्रांतांतील आगाशी आणि गोव्याच्या तिसवाडी महालांत झुआरी नदीच्या कांठीं असलेलें आगशी या दोन गांवांचीं नांवें मराठींत एका कान्यानें निराळीं आहेत. पोर्तुगीज लेखक तर पुष्कळदां दोहोंसही 'आगासाईं' असें एकच रूप देतात. त्यामुळें जुन्या फिरंगी कागदांत हें नांव आलें कीं तें कोणत्या गांवाचें, हें संदर्भावरून ठरवावें लागतें. साष्टीचीही तीच गत. ठाण्याजवळ एक साष्टी व मडगांवाभोंवतीं दुसरी. हा घोटाळा केवळ संशोधकांना त्रास देणारा आहे असें मी पुष्कळ वर्षें समजत होतों. परंतु या दोन गांवांच्या रहिवाशांमध्यें आज कायद्यानें जें अंतर पडलें आहे, तें पाहिल्यावर त्या एका कान्याचें वजन किती आहे हें कळून आलें.

गेल्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी मजकडे आला. त्याच्या हातांत घराण्यांतील एका पूर्वजाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल होती. तो म्हणाला, "गुरुजी, आमचीं आडनांवें फिरंगी, आमचें चर्च फिरंग्यांच्या काळचें. गोव्याच्या लोकांना लिस्बनची कागदपत्रें मिळतात आणि ते युरोपांत कोठेंही जाऊन नोकरी करूं शकतात. मग आम्हांला तीं कां मिळूं नयेत?" प्रश्न सरळ होता. त्याचें उत्तर मात्र चारशें-पांचशें वर्षांच्या तहनाम्यांतून शोधावें लागतें. तें शोधण्याचा प्रयत्न या लेखांत केला आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'नागरिक' हा शब्द संस्कृतांत जुना असला तरी त्याचा आजचा अर्थ जुना नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत 'नागरिक' म्हणजे नगराचा बंदोबस्त ठेवणारा अधिकारी; त्याच्या कामांस तेथें 'नागरिकप्रणिधि' हें स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे. कामसूत्रांतील 'नागरक' म्हणजे शहरी रसिक पुरुष. आजच्या अर्थाच्या जवळ जाणारा शब्द 'पौरजानपद' हा होय. पौरजानपद ही लोकांची संघटित सभा होती असें काशीप्रसाद जयस्वाल यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें; अनंत सदाशिव अळतेकर यांस तें मान्य झालें नाहीं. तो वाद कसाही सुटो. राजा बदलला तर प्रजेनें कोणाची प्रजा व्हावें हें प्रजेनेंच सांगावें, अशी स्पष्ट तरतूद आपल्या जुन्या राजनीतिग्रंथांत माझ्या वाचनांत आलेली नाहीं. म्हणून नागरिकत्वाचा हा अर्थ ग्रंथांपेक्षां तहनाम्यांत शोधणें बरें. आगाशीच्या बाबतींत असे दोन प्रसंग आले व आगशीच्या बाबतींत एक आला.

पहिला प्रसंग १५३४ चा. सोळाव्या शतकाच्या आरंभीं आगाशी हें गुजराथच्या सुलतानाच्या अमलांतील भरभराटीचें बंदर असून जहाजें बांधण्याविषयीं त्याची ख्याती होती. १५३० व १५३१ या लागोपाठच्या वर्षीं पोर्तुगीज आरमारानें तें लुटलें व जाळलें. पुढें दिल्लीच्या हुमायूनचें संकट समोर दिसूं लागलें, तेव्हां सुलतान बहादुरशाहानें २३ डिसेंबर १५३४ रोजीं गव्हर्नर नुनु द कुञ्ञा याशीं तह करून वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगालच्या राजास देऊन टाकला. एका राजानें दिलें, दुसऱ्यानें घेतलें. मध्यें जी रयत होती तिला कोणी विचारलें नाहीं. त्या काळीं हीच सार्वत्रिक रीत होती.

या राज्यांतराचें पहिलें मोठें लेखी फळ म्हणजे सिमांव बोतेल्यु याचा १५५४ चा 'तोंबो'. हा ग्रंथ १८६८ सालीं लिस्बन येथें छापला गेला आहे. त्यांत वसईच्या उत्पन्नाचा जो हिशेब येतो, त्यांत जमीन, जकात आणि वसूल यांचीच मोजदाद आहे. माणूस तेथें कर देणारा म्हणून येतो. पोर्तुगीज कागदांत माणसांना लाविलेले शब्द निरनिराळे आहेत. 'व्हासालु' म्हणजे राजाची प्रजा, 'मोरादोर' म्हणजे रहिवासी, 'काझादु' म्हणजे येथें लग्न करून स्थायिक झालेला पोर्तुगीज. हक्कांच्या पायऱ्या या शब्दांबरोबर चढतात व उतरतात. धर्म बदलला तर एक पायरी वर जातां येई, पण अगदीं वरची पायरी जन्मावरच अवलंबून असे. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्याचें अथवा पाद्र्याचें आडनांव घेण्याची चाल असल्यामुळें, फिरंगी आडनांव हा फिरंगी रक्ताचा पुरावा होऊं शकत नाहीं. वसईकडील सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती समाज आपापल्या मराठी बोली आजतागायत घरांत बोलतात, हाच याचा मोठा पुरावा आहे.

दुसरा प्रसंग १७३९ चा. १७३७ मध्यें मराठ्यांची मोहीम सुरू झाली व त्याच वर्षीं आगाशीसमोरचा अर्नाळा मराठ्यांनीं घेतला. त्याच्या दरवाजावरील मराठी पद्यमय शिलालेखांत बाजीरावाचें व शंकराजीचें नांव आहे, हें तेथें जाणाऱ्या प्रत्येक अभ्यासकानें पाहिलेलें असेल. चिमाजी आप्पानें वसईस वेढा घालून सुरुंगांनीं बुरूज उडविला, दोन्हीं बाजूंचीं माणसें मोठ्या संख्येनें पडलीं, आणि १६ मे १७३९ रोजीं किल्ला खालीं करण्याचा करार झाला. (इंग्रजी कागदांत जुनी गणना असल्यामुळें हीच तारीख ५ मे अशी पडते, हें अकरा दिवसांचें अंतर न जाणल्यानें पुष्कळांनीं दोन निरनिराळे प्रसंग कल्पिले आहेत.)

या कराराच्या लष्करी कलमांवर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. शिबंदीनें हत्यारांसह, वाजत गाजत, निशाणें फडकवीत बाहेर पडावें, हें त्यांतील सर्वांस ठाऊक असलेलें कलम. मला महत्त्वाचीं वाटतात तीं रहिवाशांसंबंधींचीं कलमें. ज्यांना जावयाचें त्यांनीं कुटुंब व जंगम मालमत्ता घेऊन जावें, त्यासाठीं आठ दिवसांची मुदत. ज्यांना राहावयाचें त्यांनीं राहावें, त्यांच्या धर्माचरणास अडथळा होणार नाहीं. १५३४ च्या व या कागदांत हाच फरक आहे. पहिल्यांत रयत ही मुलखाबरोबर हस्तांतरित होणारी वस्तु आहे. दुसऱ्यांत ती निवड करणारी आहे. युरोपच्या अलीकडच्या राष्ट्रव्यवहारशास्त्रांत ज्याला राज्यांतराच्या वेळचा विकल्पाधिकार म्हणतात, त्याचेंच हें रूप. वेढ्याच्या धुरांत लिहिलेल्या त्या कागदांत तो तत्त्व म्हणून आला नसेल, सोय म्हणून आला असेल. तथापि आला, आणि पाळला गेला. बहुसंख्य पोर्तुगीज घराणीं गोव्याकडे व अन्यत्र निघून गेलीं. एतद्देशीय ख्रिस्ती राहिले. ते पेशव्यांची, पुढें इंग्रजांची, आणि शेवटीं स्वतंत्र हिंदुस्थानची प्रजा झाले.

चर्चच्या कारभारावर मात्र पोर्तुगीज राजाचा पालकाधिकार, ज्याला 'पाद्रुआदु' म्हणतात तो, पुढेंही बराच काळ राहिला. १८८६ च्या कराराप्रमाणें झालेला दमणचा धर्मप्रांत १९२८ मध्यें रद्द झाला तेव्हां तो धागाही तुटला. हा मुद्दा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या हातांतील नोंद धर्मसत्तेची होती, राजसत्तेची नव्हे. वसईचा पाद्री दमणच्या बिशपाच्या आज्ञेंत होता म्हणून वसईचा शेतकरी पोर्तुगालच्या राजाची प्रजा ठरत नव्हता.

आतां आगशीकडे वळूं. तिसवाडी बेट आफोंसु द आल्बुकेर्क यानें १५१० मध्यें जिंकलें, तें १९६१ पर्यंत पोर्तुगालकडेच राहिलें. या साडेचारशें वर्षांत गोवेकराची पायरी हळूहळू, आणि पुनःपुन्हां घसरत, वर चढली. २ एप्रिल १७६१ च्या आज्ञापत्रानें पूर्वेकडील एतद्देशीय ख्रिस्त्यांना पोर्तुगालांत जन्मलेल्यांच्या बरोबरीचे मानमरातब देऊं केले. हिंदु त्यांत नव्हते. १८२२ च्या राज्यघटनेनें पोर्तुगालच्या मुलखांची यादी दिली. तींत आशियाखंडाखालीं साष्टी, बारदेश, गोवें, दमण, दीव इत्यादि नांवें येतात. यांतील साष्टी अर्थातच गोव्याची. वसई तींत नाहीं. मात्र यादींत नसलेल्या कोणत्याही मुलखावरील आपला हक्क राष्ट्र सोडीत नाहीं, असेंही त्याच कलमांत शेवटीं म्हटलें आहे. त्या एका वाक्यावर वसईकरानें आशेचा महाल बांधूं नये. हक्क न सोडणें निराळें आणि तेथील लोकांस नागरिक समजणें निराळें. त्या वर्षीं लिस्बनच्या सभेसाठीं गोव्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींत बेर्नार्दु पेरिस द सिल्व्हा हा एतद्देशीय होता, आणि वसईचा अर्थात कोणी नव्हता.

१९१० मध्यें पोर्तुगालांत प्रजासत्ताक झाल्यावर गोव्यांतील हिंदूंस कायद्यापुढें बरोबरी मिळाली. वीस वर्षांतच ती डळमळली. १९३० च्या वसाहतविषयक कायद्यानें गोवेकर हा पुन्हां वसाहतींतील माणूस ठरला. लुईश द मेनेझिस ब्रागांसा यांनीं त्याच वर्षीं ४ जुलै रोजीं गोव्याच्या विधिमंडळांत या धोरणाचा निषेध करून स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. त्रिस्तांव द ब्रागांसा कुञ्ञा यांनीं १९४४ मध्यें गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर पुस्तिका लिहून या नागरिकत्वाची दुसरी बाजू दाखविली : कागदावर बरोबरी देणारी सत्ता मनाला परकें करीत होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवें मुक्त झालें. २८ मार्च १९६२ च्या हुकुमान्वयें, २० डिसेंबर १९६१ पूर्वीं ज्यांचा, अथवा ज्यांच्या आईबापांपैकीं वा आजा-आजींपैकीं कोणाचा, त्या मुलखांत जन्म झाला असेल, ते हिंदी नागरिक ठरले. ज्यांना पूर्वींचें नागरिकत्व ठेवावयाचें त्यांनीं एक महिन्याच्या आंत लेखी कळवावें, अशी सोय होती. येथें वसईच्या कराराची आठवण होते. १७३९ मध्यें आठ दिवस, १९६२ मध्यें एक महिना. एका मोन्सेञ्ञोर मोंतेइरु नांवाच्या धर्मगुरूंनीं पोर्तुगीज राहण्याचें कळविलें, पण राहण्याचा परवाना संपल्यावरही गोवें सोडलें नाहीं. हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें व १९६९ मध्यें त्यांच्या विरुद्ध निकाल झाला : मुलूख जोडला गेला म्हणजे तो परक्याच्या ताब्यांतील मुलूख राहत नाहीं, आणि परकें नागरिकत्व पत्करणाऱ्यास परदेशीयाचे नियम लागू होतात. विकल्प दिला जातो, पण निवडीचें ओझेंही उचलावें लागतें, असा या निकालाचा साध्या भाषेंतला अर्थ.

पोर्तुगालनें मात्र हें राज्यांतर १९७४ अखेरपर्यंत मान्य केलें नाहीं. ३१ डिसेंबर १९७४ च्या तहानें तें मान्य झालें. तथापि १९६१ पूर्वीं गोवें, दमण व दीव येथें जन्मलेल्यांचा पोर्तुगीजत्वाचा दावा पोर्तुगालनें आपल्या कायद्यांत शिल्लक ठेवला. अशा माणसाचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरींत लागला कीं तो पोर्तुगालच्या दृष्टीनें पोर्तुगीज. त्याच्या मुलांस, आणि अटी पुऱ्या झाल्यास नातवंडांसही, तीच वाट मोकळी.

जुन्या कागदांतील एका शब्दावर किती अवलंबून असतें याचें उदाहरण याच सुमारास हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत घडलें. १९५४ मध्यें दादरा व नगरहवेली पोर्तुगीजांच्या हातून गेल्यावर पोर्तुगालनें तेथें जाण्याचा हक्क सांगून हिंदुस्थानवर फिर्याद केली. पोर्तुगालचा आधार १७७९ चा मराठ्यांशीं झालेला तह व १७८३ आणि १७८५ च्या सनदा यांवर होता. पोर्तुगीज म्हणत, आम्हांस सार्वभौमत्व मिळालें. हिंदुस्थानचें म्हणणें, मराठ्यांनीं दिला तो बारा हजार रुपये उत्पन्नाचा सरंजाम, मुलूख नव्हे. १२ एप्रिल १९६० च्या निकालांत न्यायालयानें मराठी कागदांचा अर्थ हिंदुस्थानच्या बाजूनें लाविला : पेशव्यांनीं दिला तो केवळ वसुलाचा अधिकार, सार्वभौमत्व पुढें इंग्रजांच्या वागणुकीमुळें मान्य झालें. शस्त्रधारी सैन्याच्या जाण्या-येण्याचा पोर्तुगालचा दावाही न्यायालयानें नाकारला. पेशव्यांच्या कारकुनाची शब्दयोजना पावणेदोनशें वर्षांनीं हेगमध्यें तोलली गेली, हें आपल्या व्यवसायास भूषणावह आहे.

आतां युरोपची बाजू. दोन महायुद्धांनीं पोळलेल्या सहा राष्ट्रांनीं २५ मार्च १९५७ रोजीं रोम येथें आर्थिक संघाचा तह केला. पोर्तुगालनें त्यांत येण्याच्या करारावर १२ जून १९८५ रोजीं लिस्बनच्या जेरोनिमुश मठांत सही केली. वास्को द गामाची समाधि याच मठांत आहे. पूर्वेची वाट उघडणाऱ्याच्या थडग्याशेजारीं पोर्तुगालनें आपलें तोंड पुन्हां युरोपकडे वळविलें. १९८६ च्या आरंभापासून तो संघाचा सभासद झाला. नंतर ७ फेब्रुवारी १९९२ रोजीं मास्त्रिख्त येथें सही झालेल्या व १ नोव्हेंबर १९९३ पासून अमलांत आलेल्या तहानें 'संघाचें नागरिकत्व' ही नवी वस्तु निर्माण झाली. सभासद राष्ट्राचा जो नागरिक तो संघाचाही नागरिक. त्यास संघांतील कोणत्याही देशांत जाण्या-राहण्याचा हक्क, आणि जेथें राहील तेथें स्थानिक निवडणुकींत मताचा हक्क.

या वस्तूच्या स्वरूपाविषयीं युरोपांतील विद्यापीठांत, विशेषतः १९७६ पासून फ्लॉरेन्सजवळ चालूं असलेल्या युरोपीय विद्यापीठसंस्थेंत, व्याख्यानें व वाद झाले व होत आहेत. एक पक्ष म्हणतो, हें नागरिकत्व राष्ट्रीयत्वाच्या पुढचें पाऊल आहे. १९४९ मध्यें केंब्रिज येथें टी. एच. मार्शल यांनीं आपल्या व्याख्यानांत नागरी, राजकीय व सामाजिक हक्कांच्या तीन पायऱ्या सांगितल्या. त्यांत ही चौथी. दुसरा पक्ष म्हणतो, याला स्वतःचें मूळ नाहीं, तें उसन्या मुळांवर उभें आहे. कारण कोण आपला नागरिक हें ठरविण्याचा अधिकार तहानें ज्या त्या राष्ट्राकडेच ठेवला आहे. १९९२ च्या मिकेलेत्ती प्रकरणांत संघाच्या न्यायालयानें सांगितलें कीं, एका राष्ट्रानें दिलेलें नागरिकत्व दुसऱ्या राष्ट्रानें जादा अटी घालून नाकारूं नये. याचा परिणाम आगशीवर झाला. लिस्बननें एकदां ज्याला आपला म्हटलें, त्याला पॅरिस किंवा बर्लिननें नाहीं म्हणतां येत नाहीं. उलट, एप्रिल २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें माल्टा राष्ट्राची पैसे घेऊन नागरिकत्व देण्याची योजना बेकायदा ठरविली. म्हणजे देणाऱ्या राष्ट्राचा हातही अगदींच मोकळा नाहीं.

हें नागरिकत्व आटूंही शकतें. पोर्तुगीज झालेले कित्येक गोवेकर इंग्लंडांतील स्विंडन वगैरे गांवीं जाऊन राहिले होते. ३१ जानेवारी २०२० रोजीं इंग्लंड संघांतून बाहेर पडल्यावर संघाचे नागरिक म्हणून असलेला त्यांचा तेथील हक्क उरला नाहीं आणि नवा अर्ज करून राहण्याची परवानगी घ्यावी लागली. शिवाय हिंदी कायद्यांत दुहेरी नागरिकत्व नाहीं. १९५५ च्या कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणें स्वेच्छेनें परकें नागरिकत्व घेणाऱ्याचें हिंदी नागरिकत्व संपतें. आगशीच्या माणसास आठ दिवसांची किंवा महिन्याची मुदत नाहीं. परंतु निवड त्यासही करावीच लागते, आणि ती बहुधा पोटासाठीं करावी लागते.

आतां माझ्या विद्यार्थ्याचें उत्तर. मीं त्यास सांगितलें : तुझा दावा चालणार नाहीं, कारण नागरिकत्वाची परंपरा रक्तानें, आडनांवानें किंवा बाप्तिस्म्यानें चालत नाहीं, ती राजसत्तेच्या अखंडतेनें चालते. ती आगशींत १९६१ पर्यंत अखंड होती, आगाशींत १७३९ मध्यें तुटली. दोहोंमध्यें दोनशें बावीस वर्षें आहेत. यावर तो म्हणाला, "म्हणजे आमच्या पूर्वजांनीं राहण्याची चूक केली?" या वाक्यानें मी कांहीं वेळ गप्प झालों. कारण त्या आठ दिवसांत ज्यांनीं घरदार, केळीच्या बागा आणि विहिरी सोडल्या नाहींत, त्यांच्यापुढें लिस्बन किंवा ब्रसेल्स नव्हतें. स्वतःची जमीन होती, आणि धर्म पाळूं देऊं असें विजेत्याचें वचन होतें. त्यांनीं भूमीवर विश्वास ठेवला. त्यांच्या वंशजांतून मराठी लिहिणारे, मराठी साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे लेखक झाले. ही निवड चुकली असें मला म्हणवत नाहीं. मात्र विद्यार्थ्याला इंग्लंड-जर्मनीची नोकरी हवी होती, आणि इतिहासाचें समाधान हें नोकरीचें उत्तर नव्हे, हेंही मी जाणतों.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. गोव्याच्या कागदांस आलेल्या या नव्या किंमतीमुळें जुन्या जन्मनोंदी, मृत्युनोंदी व चर्चच्या वह्या आतां इतिहासासाठीं नव्हे तर हक्कासाठीं शोधल्या जातात. वहींतून सुटें झालेलें पान हक्कासही पुरत नाहीं आणि इतिहासासही नाहीं. म्हणून ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें असतील, त्यांनीं तीं कोठून, कोणाकडून व कोणत्या वहींतून आलीं याची टीप सोबत ठेवावी. आणि 'आगासाईं' असें नांव दिसल्यास तें तिसवाडीचें कीं वसईचें, हें शेजारच्या गांवांच्या नांवांवरून ठरवून लिहून ठेवावें. एका कान्याची चूक पूर्वीं छापखान्यांत सुधारतां येई; आतां तिच्यावर एखाद्या कुटुंबाचें देशांतर अवलंबून असूं शकतें.